वीज फुकट की पूर्ण दराने? आधी गरीब घराचं बिल मांडून पाहू

प्रश्न थोडक्यात असा आहे: गरिबांना वीज आणि गॅस फुकट किंवा स्वस्त द्यावा का? एक बाजू त्याला रेवडी म्हणते, दुसरी हक्क म्हणते. आणि एवढ्या योजना असूनही गरीब घराचं बिल हलकं का होत नाही?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या वादाची गाठ तिथेच सुटते. राजकारणात सगळी भांडणं दरावर होतात: युनिटचा भाव किती, सबसिडी किती. गरीब घर मात्र बहुतेक वेळा दराच्या आधीच अडलेलं असतं. मीटर दुसऱ्याच्या नावावर असतं, पैसे हातात नसतात त्याच तारखेला भरायचे असतात, नाहीतर सवलत मिळते पण आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते.

हिशेब करूनच बघा. महावितरणचे 1 एप्रिल 2024 पासूनचे घरगुती दर घेतो. त्यानंतर आकडे बदलले, पण 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे तेच आहेत, त्यामुळे तुमच्या बिलातले दर घालून हीच बेरीज करता येईल. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटला 5.88 रुपये, 101 ते 300 ला 11.46 रुपये. सिंगल फेजला स्थिर आकार महिना 128 रुपये. या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो इथे बाजूला ठेवला आहे.

एका खोलीचं, स्वतःचं मीटर असलेलं घर महिन्याला 90 युनिट जाळतं. 90 गुणिले 5.88 म्हणजे 529.20, अधिक 128, झाले 657.20. शुल्क धरून 762 रुपये.

आता चाकण किंवा वाळूजला असतात तशी कामगारांच्या खोल्यांची ओळ घ्या. तीन खोल्यांना मालकाचं एकच मीटर, प्रत्येकी तेच 90 युनिट. मीटरवर 270 युनिट पडतात. पहिले 100 स्वस्तात गेले, उरलेले 170 युनिट 11.46 च्या टप्प्यात. शुल्कासह बिल होतं 3,090 रुपये, म्हणजे खोलीमागे 1,030. वापर तोच, पंखाही तोच, तरी दर घरामागे महिन्याला 268 रुपये जास्त. मालकाने वर सरसकट 12 रुपये युनिट लावला तर 1,080. कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी म्हणून टप्पे केले आणि सगळ्यात कमी वापरणारी तीन घरं एका मीटरवर आल्यामुळे वरच्या टप्प्यात गेली. पहिल्या टप्प्याचा दर आणखी एक रुपयाने उतरवला, तरी तीन खोल्यांत मिळून 100 रुपयांची सूट येते, शुल्क धरून 116. प्रत्येकीच्या वाट्याला 39 रुपयेसुद्धा येत नाहीत. वेगळं मीटर मिळालं तर 268 वाचतात.

वीज कायदा 2003 चं कलम 43 जागेच्या मालकाला किंवा ताबेदाराला, दोघांनाही वीजजोडणी मागण्याचा अधिकार देतं. भाडेकरू हा ताबेदारच. अडचण कागदाची असते: भाडेकरार किंवा मालकाची संमती मागितली जाते आणि भाडेकरूचा हक्क चिकटेल या भीतीने मालक सही देत नाही. इथे आमदाराने, नगरसेवकाने खरं काम करण्यासारखं आहे. भाडेकरूच्या नावावरचं वीजबिल हा जागेच्या मालकीचा पुरावा नाही, असं संमतीपत्रातच लिहून घेतलं की बरेच मालक तयार होतात.

दुसरी सवलत दारिद्र्यरेषेखालच्या वीजग्राहकांची. तिचा दर सामान्य पहिल्या टप्प्याच्या कितीतरी खाली आहे. अट मात्र अशी की वर्षाला 360 युनिटच्या आत राहायचं, म्हणजे महिन्याला सरासरी 30. ही मर्यादा प्रत्यक्षात किती आहे ते एका घरात शिरून पाहू. नऊ वॅटचे दोन एलईडी पाच तास, 75 वॅटचा साधा पंखा आठ तास, छोटा टीव्ही तीन तास आणि मोबाइलचं चार्जिंग. दिवसाला साधारण 0.86 युनिट, महिन्याला 26. बसलं मर्यादेत. पण अकोल्यात, चंद्रपुरात उन्हाळ्याचे तीन महिने पंखा आठ तासांवर भागत नाही, अठरा तास फिरतो. मग महिन्याला 48 युनिट. नऊ महिने 26 आणि तीन महिने 48, वर्षाची बेरीज 378. अठरा युनिटसाठी घर सवलतीच्या वर्गातून बाहेर, आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी परत येता येत नाही.

त्याच घरात 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला तर महिन्याला 15 युनिट, उन्हाळ्यात 24, वर्षाला 207. उकाड्यात मन मारून पंखा बंद करायची गरज नाही आणि सवलतही टिकते. हा पंखा अडीच ते तीन हजारांना पडतो, साधा दीड हजाराच्या आसपास. म्हणजे वरचा खर्च हजार-दीड हजाराचा. तो एकदम काढता येत नाही म्हणून घर वर्षानुवर्षं जास्त दर भरतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा घरांना सरकारने पंखा द्यावा किंवा बिलातून महिना शंभर रुपये कापून घेऊन द्यावा. एलईडी दिव्यांच्या बाबतीत 2015 च्या उजाला योजनेत वीजकंपन्यांमार्फत स्वस्त दिवे वाटून हे करून झालं आहे. साठ वॅटचा पिवळा बल्ब जाऊन नऊ वॅटचा एलईडी आला की रोजच्या पाच तासांवर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. पंख्यात त्याहून जास्त आहेत.

आता 'रेवडी' म्हणणाऱ्यांची बाजू. हा शब्द जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांच्या भाषणातून गाजला, पण त्यामागचा आर्थिक मुद्दा जुना आणि खरा आहे. वीजकंपनीने युनिट विकत घेतलं की पैसे द्यावेच लागतात. वीज कायद्याचं कलम 65 म्हणतं की राज्य सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम सरकारने आगाऊ द्यावी. कलम 61 सांगतं की दर हळूहळू खऱ्या खर्चाजवळ न्यावेत आणि क्रॉस सबसिडी, म्हणजे एका वर्गाकडून जास्त दर घेऊन दुसऱ्याला स्वस्त वीज देणं, कमी करावी. राष्ट्रीय दर धोरणात सरासरी खर्चाच्या वरखाली 20 टक्क्यांच्या आत दर असावेत असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात काय होतं? सरकार घोषणा करतं, पैसे उशिरा येतात, दरम्यान तूट उद्योग आणि दुकानांच्या दरात घातली जाते. मोठा कारखाना मग स्वतःचा सौरप्रकल्प उभारतो किंवा मुक्त प्रवेशाने बाहेरून वीज आणतो. तो गेला की त्याच्या वाट्याची क्रॉस सबसिडी उरलेल्यांवर येते, आणि उरलेल्यांत कोण असतं? छोटा पिठाची गिरणीवाला, यंत्रमागवाला, मध्यमवर्गीय घर. फुकट विजेची किंमत कोणीच मोजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्यापारी वर्गाचं एक बिल हातात घेऊन बघावं.

पण या बाजूची चूक अशी की ती सगळी सबसिडी गरिबांच्या खात्यावर लिहिते. महाराष्ट्रात विजेची सगळ्यात मोठी सवलत घरगुती नाही, ती शेतीपंपाची आहे. जुलै 2024 च्या निर्णयाने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 अशी पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. लाभार्थी सुमारे 44 लाख, वार्षिक भार 14,000 कोटींच्या वर. याआधी 2004 च्या निवडणुकीपूर्वीही अशीच घोषणा झाली होती आणि 2005 मध्ये ती मागे घेतली गेली. या दोन घोषणा वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या, तेव्हा हा वाद पक्षापक्षांतला नाही.

शेतकऱ्याला ही मदत नको असं मी म्हणत नाही. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असलेला दोन एकरवालाही अडचणीत आहे. पण पंपालाच सवलत दिली की ज्याच्याकडे विहीर नाही, पाणी नाही, जो कोरडवाहू कसतो किंवा दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो, त्याच्या हातात काहीच पडत नाही. गावातली सगळ्यात गरीब घरं नेमकी हीच. दुसरी गोष्ट, लाखो पंपांना मीटर नसतं, अश्वशक्तीवर बिल निघतं. किती वीज गेली हा मग अंदाज असतो आणि त्या अंदाजात गळती आणि चोरीही शेतकऱ्याच्या नावावर जाते असा आक्षेप नियामक आयोगापुढे अनेकदा घेतला गेला आहे. तो निकाली काढायचा तर फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर, मीटर नीट चालले पाहिजेत. त्याशिवाय सबसिडीचा खरा आकडा कोणालाच सांगता येणार नाही, ना समर्थकांना ना विरोधकांना.

इतर राज्यांनी घरगुती वापरात काय केलं हेही पाहण्यासारखं आहे. दिल्लीत ऑगस्ट 2019 पासून 200 युनिटपर्यंत शून्य बिल, 400 पर्यंत निम्मं. इथे अडचण कड्याची आहे. 400 युनिटपर्यंत सवलत, 401 वं युनिट पडलं की पूर्ण बिल. कर्नाटकाने 2023 मध्ये गृहज्योती आणली, तिची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: भाडेकरूंना आपला आधार घराच्या मीटर क्रमांकाशी जोडून लाभ घेता येतो. दुसरी गोष्ट मात्र पटत नाही. सुरुवातीच्या नियमात मागच्या वर्षाच्या सरासरीवर 10 टक्के वाढवून मोफत युनिट ठरवले. म्हणजे 50 युनिट वापरणाऱ्या गरीब घराला 55 मोफत आणि 180 वापरणाऱ्याला 198. जो आधीच हात आखडून वापरत होता त्याला कमी, आणि जो मोकळेपणी वापरत होता त्याला जास्त.

विजेवर आवाज जास्त होतो, पण स्वयंपाकाच्या इंधनात गरीब घराची ओढाताण जास्त आहे. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. जोडणी पोचली, हे यश निर्विवाद आहे. प्रश्न दुसऱ्या सिलिंडरपासून सुरू होतो. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी रिफिल 2019-20 मध्ये तीनच्या आसपास होते, अलीकडे साडेचारपर्यंत आले. पाच माणसांचं सगळं रांधणं गॅसवर केलं तर 14.2 किलोचं सिलिंडर महिना ते चाळीस दिवस जातं, म्हणजे वर्षाला नऊ ते बारा लागतात. मधली तूट चूल भरून काढते, आणि आंघोळीचं पाणी तर अजूनही बहुतेक चुलीवरच.

कारण फक्त दर नाही. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर मुंबईत सिलिंडर 852.50 रुपयांना होतं. उज्ज्वलाला 300 रुपये सबसिडी, म्हणजे निव्वळ 552.50. पण दारात टाकी उतरवून घेताना 852.50 द्यावे लागतात, 300 नंतर खात्यात येतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. पावणेतीन दिवसांची मजुरी एका दिवशी काढायची. आठवड्याच्या बाजाराला पैसे मिळणाऱ्या घरात हे जमत नाही, म्हणून टाकी रिकामी उभी राहते आणि लाकडं येतात. सबसिडी 300 ची 400 केली तरी दारातला आकडा 852.50 च राहतो. तीच 300 रुपये एजन्सीने आधी वजा केले तर फरक पडेल. गळती रोखण्यासाठी पैसे खात्यात पाठवायची पद्धत आली आणि बनावट जोडण्या त्यामुळे कमी झाल्या, हे खरं. तरी उज्ज्वलापुरती आधी वजावट तंत्रज्ञानाने अशक्य राहिलेली नाही.

तोवर घराने काय करावं? उज्ज्वला ग्राहकाला 14.2 किलोऐवजी पाच किलोची घरगुती टाकी घेता येते. त्याच दराच्या प्रमाणात ती तीनशेच्या आसपास बसते, एका दिवसाच्या मजुरीत. एजन्सीत मागताना 'घरगुती सबसिडीची पाच किलो' असं स्पष्ट सांगा, कारण दुकानात मिळणारी पाच किलोची 'छोटू' वेगळी असते, तिला सबसिडी नाही आणि ती महाग पडते. सबसिडी येत नसेल तर पहिली शंका खात्याची घ्या. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पोराने मध्येच दुसऱ्या बँकेत आईचं खातं काढलं आणि आधार जोडलं, तर सबसिडी तिकडे पडत राहते आणि घरात समज होतो की बंद झाली. ई-केवायसी राहिलं आहे का, हेही एजन्सीत विचारा. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, पण जोडणी बाईच्या नावावर हवी आणि एका महिन्यात एकाच सिलिंडरचा लाभ मिळतो. उज्ज्वलाच्या घराला केंद्राच्या 300 वर राज्य 530 देतं. पैसे इथेही आधी भरायचे असतात.

विजेच्या बिलात दरापेक्षा जास्त नुकसान करणाऱ्या काही गोष्टी आहेत. बिलावर चालू रीडिंगच्या जागी 'सरासरी', 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असं काही आलं असेल तर थांबा, तो महिना तुमच्या वापराचा नाही. रीडिंग घेणारा आला तेव्हा घर बंद होतं, दोघं कामावर, म्हणून सरासरी पडली. तीन-चार महिन्यांनी खरं रीडिंग आलं की एकदम मोठी रक्कम येते. 2020 च्या लॉकडाऊननंतर जूनमध्ये राज्यभर लोक भडकले ते याच कारणाने. अशा एकत्रित बिलात युनिट महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला पहिल्या टप्प्याचे 100 युनिट मिळायला हवेत. चार महिन्यांचे 360 युनिट एकाच महिन्याचे धरले तर बिल दीडपटीच्या आसपास जातं. आणखी एक: दर महिन्याच्या त्याच तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. तक्रारीत याच्याइतका कामाचा पुरावा दुसरा नाही.

बिल चुकीचं वाटतं म्हणून भरायचंच सोडून देणं ही सगळ्यात महाग चूक. कलम 56 प्रमाणे तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि त्याच कलमात ग्राहकाच्या बाजूची एक तरतूद आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उपविभागात काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तिथला आदेश पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही. दोन वर्षांपूर्वीची, मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही, हेही कलम 56 मध्येच आहे.

वेळेचा प्रश्न इथेही येतो. बिल लवकर भरलं तर एक टक्का सूट, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदाऐवजी ई-बिल घेतलं तर दहा रुपये. उशीर झाला तर सव्वा टक्का आकार आणि पुढे वाढत जाणारं व्याज. पगारदार घर सूट घेतं, हातावर पोट असलेलं घर दंड भरतं, एकाच दराच्या एकाच विजेवर. त्यात 2021 च्या नियमाने सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट झाली, तिचं वेगळं बिल ऐन उन्हाळ्यात हातात पडतं. या ठेवीला हप्ते मागता येतात. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत.

राजकीय पक्षांनी याच जागी एकमत करायला हरकत नाही, कारण फुकट द्यावं की नाही हा प्रश्न इथे येतच नाही. सप्टेंबर 2024 मध्ये महावितरणने कायमचा पुरवठा तोडलेल्या ग्राहकांसाठी अभय योजना आणली: व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ थकबाकीच्या 30 टक्के भरा, बाकी सहा बिनव्याजी हप्त्यांत. कंपनीलाही हे परवडलं असणार, म्हणूनच आणलं. पण ही सवलत मीटर काढून नेल्यानंतर मिळायची. तोवर घराने शेजाऱ्याकडून वायर ओढलेली असते किंवा आकडा टाकलेला असतो आणि चोरीच्या कलमाची भीती डोक्यावर असते. तेच सहा हप्ते पंधरा दिवसांच्या नोटिशीबरोबर, त्याच कागदावर छापून दिले पाहिजेत. तुमच्याकडे अशी नोटीस आली असेल तर ते छापून येण्याची वाट पाहू नका. मुदत संपायच्या आत उपविभागात जाऊन हप्त्यांचा लेखी अर्ज द्या, पहिला हप्ता त्याच दिवशी भरा आणि पावती मीटरजवळ ठेवा, म्हणजे तोडायला आलेल्या माणसाला ती दाखवता येते.